घड्याळाची वेळ कशावर जुळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला राहतो. घड्याळं हा माझा धंदा नाही, छंद आहे. कुठलं घड्याळ दिवसाला किती पुढे जातं, किती मागे पडतं, हे मी वर्षानुवर्षं वहीत लिहीत आलो आहे. हे कळल्यावर लोक विचारू लागले, आणि प्रश्न तेच ते येऊ लागले. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहितो आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे थोडे अडचणीचे.

१. भारतीय प्रमाणवेळ म्हणजे नक्की कुठल्या घड्याळातली वेळ?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली. तिला सगळे एनपीएल म्हणतात. तिथे सीझियमची अणुघड्याळं रात्रंदिवस चालू असतात. सीझियमच्या अणूशी निगडित एका ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून जगभर चालते. देशोदेशीच्या अशा घड्याळांचा मेळ पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय मापन कार्यालयात घातला जातो आणि त्यातून यूटीसी ही जागतिक वेळ ठरते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे.

तुमच्यापर्यंत येणारी कुठलीही वेळ, मग ती रेडिओवरची असो, फोनवरची किंवा स्टेशनातली, या घड्याळांपासून किती हातांतून आली आणि वाटेत तिला किती उशीर झाला, एवढं तपासलं की ती विश्वासाची आहे का ते कळतं. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघाली आहेत.

२. पणजीत बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो. मग आपलं घड्याळ चुकतं का?

नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरली आहे आणि ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. पणजी त्याच्या साधारण पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून ही माध्यान्हही वर्षभर हलत राहते. फेब्रुवारीच्या मध्याला पणजीत सूर्य १२.४९ च्या आसपास माथ्यावर येतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ लाच.

काठीची सावली किंवा पंचांगातला सूर्योदय धरून घड्याळ लावता येईल का, असंही बरेच जण विचारतात. सावलीवरून हा हिशेब करून मिनिटभराच्या आत पोहोचता येतं आणि शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन एकदा जरूर करावं. सूर्योदयाचं तसं नाही. सत्तरी तालुक्यात सूर्य डोंगराआडून वर येतो, आणि पंचांगातली वेळ पुण्याची किंवा मुंबईची असेल तर तीच मुळात आपली नाही.

३. मोबाइलवर वेळ आपोआप येते. मग आणखी काय हवं?

मिनिटापुरतं बघायचं असेल तर काहीच नको. सेकंद हवा असेल तर मात्र सांभाळून. काही फोन टॉवरकडून वेळ घेतात, काही इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून. दोन भेटींच्या मधल्या काळात फोन स्वतःच्या स्फटिकावर (ज्याचे कंप मोजून घड्याळ सेकंद धरतं त्यावर) चालतो, आणि तो स्फटिक तुमच्या सेलच्या घड्याळातल्यासारखाच असतो. त्यामुळे सेकंद-दोन सेकंदांचा फरक राहू शकतो आणि तो आज एक, उद्या दुसरा असतो. फरक स्थिर नसणं ही मला जास्त अडचणीची गोष्ट वाटते. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. मी आणि बायकोने फोन शेजारी ठेवले, तर सेकंद जुळत नाहीत. खरा कुठला?

कदाचित दोन्ही नाहीत. टाइम डॉट आयएस ही साइट दोन्हींवर उघडा. फोनचं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते ती सांगते आणि स्वतःच्या अंदाजात किती चूक असू शकते तेही देते. हा शेवटचा आकडा लोक बघतच नाहीत. तो ०.०५ असेल तर विश्वास ठेवा, अर्ध्या सेकंदावर गेला असेल तर थोड्या वेळाने पुन्हा बघा.

इंटरनेटवरून वेळ येते कशी, तेही सांगतो. फोन सर्व्हरला विचारतो, उत्तर येतं. जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद लागले तर जायला ४० आणि यायला ४० असं धरून तेवढी दुरुस्ती होते. एका बाजूची वाट जास्त तुंबलेली असेल तर हा अंदाज चुकतो, पण चूक एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त होऊच शकत नाही. म्हणजे इथे ४० मिलिसेकंद. मनगटी घड्याळाला हे पुष्कळ झालं.

५. दहा गोष्टी नका सांगू. एकच स्रोत सांगा.

घरी चांगलं इंटरनेट असेल तर एनपीएलच्या सर्व्हरवरून जुळवलेला संगणक. संगणकाच्या वेळेच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या जागी टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग हे नाव घाला (इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं) आणि घड्याळ लावण्याआधी हाताने एकदा जुळवून घ्या. संगणक स्वतःहून रोज जुळवेलच असं नाही, बरेचदा आठवडा जातो. एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे, सर्व्हरही चांगले आहेत. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार देशातल्या कंपन्यांना आपली यंत्रं या दोघांपैकी एकाशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जोडावी लागतात.

संगणक नसेल तर प्रश्न ४ मधली साइट. नेटवर्कच नसेल तर प्रश्न ८.

६. आमचे बाबा आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ मिळवायचे. आता ते चालतं का?

चालतं, आणि मला ते आजही आवडतं. बातम्यांआधीच्या पीपपैकी शेवटची सुरू होते तो तासाचा क्षण. एक गोष्ट लक्षात ठेवा. दिल्लीहून कार्यक्रम उपग्रहामार्गे इथल्या केंद्रात येतो. हे उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात, वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, शिवाय यंत्रांचा थोडा वेळ. म्हणून ठोका जरा उशिरा ऐकू येतो. हातातल्या घड्याळाला तेवढं चालून जातं.

मात्र खरा रेडिओ हवा. तेच केंद्र फोनच्या अ‍ॅपवर ऐकाल तर आवाज कित्येक सेकंद मागे असतो आणि मागे किती, ते दर वेळी बदलतं. ब्लूटूथ स्पीकर लावला तर त्याचा उशीर वेगळा. टीव्हीचंही तेच. डिशवर चित्र काही सेकंद उशिरा पोहोचतं, त्यामुळे वाहिनीच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून सेकंदकाटा लावू नका.

७. चर्चची घंटा, देवळातला चौघडा, बसस्टँडवरचं घड्याळ?

दिवसाची लय राखायला ही उत्तम आहेत. पण घंटा माणूस वाजवतो किंवा एखादं यंत्र, आणि त्या दोघांनाही वेळ कुठून तरी घ्यावीच लागते. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही घंटेपासून किलोमीटरभर लांब असाल तर तीन सेकंद तिथेच गेले. सार्वजनिक घड्याळांचा मेळ कोण आणि कधी घालतं, ते आपल्याला माहीत नसतं.

८. आमच्या गावात पावसाळ्यात चार-चार दिवस रेंज नसते. तेव्हा काय?

जीपीएस. फोनमध्ये जीपीएसची वेळ दाखवणारं अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, त्याला इंटरनेट लागत नाही. उघड्या अंगणात किंवा गच्चीवर जा. ढग आणि पाऊस अडवत नाहीत, कौलं आणि दाट झाडं अडवतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं, म्हणून मूळ वेळ मनगटी घड्याळासाठी निर्दोष म्हणावी अशी. फोनच्या पडद्यावर यायला थोडा उशीर होतो, पण अ‍ॅप बरं असेल तर तो सेकंदाच्या आतच राहतो.

एक फसवी जागा आहे. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे चालते. ती ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली आणि तेव्हापासूनचे लीप सेकंद तिच्यात धरलेले नाहीत (प्रश्न १५). चांगलं अ‍ॅप ही वजाबाकी स्वतः करतं. एखादं करत नाही. तुमचं घड्याळ अचानक नेमकं १८ सेकंद मागे दिसलं तर दोष घड्याळाचा नाही.

९. भावाने जर्मनीहून आपोआप जुळणारं रेडिओचं घड्याळ पाठवलं. इथे सिग्नल मिळतच नाही. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. ही घड्याळं कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींवर वेळ ऐकतात. जर्मनीत माइनफ्लिंगेनचं केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर, इंग्लंडमध्ये अँथॉर्नचं ६० वर, अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सचं ६० वर, जपानची दोन ४० आणि ६० वर, चीनमधलं ६८.५ वर. जर्मन केंद्राचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर आणि गोवा त्याच्या कितीतरी पलीकडे. भारतात असं केंद्र नाही.

इथे ते घड्याळ साध्या सेलच्या घड्याळासारखं वापरा. आधी गावाचं सेटिंग दिल्लीवर किंवा साडेपाच तासांवर आणा, मग वेळ हाताने लावा. काही मॉडेलं फोनशी ब्लूटूथने जुळतात. तसं असेल तर फोन अचूक असल्याची खात्री करून (प्रश्न ४) त्यावर सोपवा.

१०. सेकंदकाटा नेमका शून्यावर कसा सोडायचा? माझा दर वेळी अर्धा सेकंद चुकतो.

बघून दाबायला जाता म्हणून चुकतो. डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत पाव सेकंद सहज जातो. त्याऐवजी ५५ पासून मनात ताल धरा, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, आणि टाळी पडते तशी त्या तालात चावी आत दाबा. तबला किंवा टाळ वाजवणाऱ्यांना हे लगेच जमतं. आरतीत झांज धरणाऱ्या माझ्या भाच्याने पहिल्याच खेपेला माझ्यापेक्षा अचूक लावलं.

सेलच्या घड्याळात काटा बारावर आला की चावी ओढा, म्हणजे तो तिथेच थांबतो. मिनिटकाटा हव्या त्या मिनिटाच्या चार-पाच मिनिटं पुढे नेऊन हळूच मागे रेघेवर आणा, दात्यांमधला ढिलेपणा निघून जातो. मिनिटकाटा रेघेवर आणि सेकंदकाटा बारावर, दोन्ही एकाच वेळी हवेत. घाईत हेच राहतं, आणि पुढे महिनाभर मिनिट कुठलं याचा गोंधळ होतो.

चावीच्या कित्येक जुन्या घड्याळांत चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. चावी उलट दाबून तो जबरदस्तीने अडवायची युक्ती काही जण सांगतात, ती मी जुन्या यंत्रावर करत नाही. घड्याळ पूर्ण उतरू द्यावं. काटा थांबला ती जागा बघावी, तास-मिनिटं त्याप्रमाणे पुढची लावून ठेवावीत आणि तो क्षण आला की चावी द्यायला सुरुवात करावी. नाहीतर लावूच नका. 'आज ७ सेकंद पुढे' एवढं वहीत लिहा, तपासायला तेवढं पुरतं.

११. घड्याळ दिवसाला किती चुकतं ते कसं काढायचं? मी रोज सकाळी लावतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो.

रोज लावणं आधी थांबवा, कारण दर वेळी लावण्याची चूक नव्याने मिसळते. एकदा लावा, मग दहा दिवस हात लावू नका, फक्त फरक लिहा. प्रत्येक नोंदीत पाव सेकंदाची चूक धरली तर एका दिवसाच्या हिशेबात ती अर्ध्या सेकंदापर्यंत जाते. दहा दिवसांत तीच चूक दहा जणांत वाटली जाते आणि दिवसाला ०.०५ सेकंद उरते. वडिलांचं चावीचं एचएमटी मी असंच तपासलं. दहाव्या दिवशी ते ५४ सेकंद पुढे होतं, म्हणजे रोज ५.४. एकेका दिवसाचा आकडा मात्र ३ पासून ९ पर्यंत हलत होता.

आता या पानावरची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. घड्याळ लावताना स्रोत किती उशिरा येतो याला अर्थ आहे. घड्याळ तपासताना तो उशीर रोज सारखा आहे का, एवढंच बघायचं. आकाशवाणीचा ठोका रोज अर्धा सेकंद उशिरा आला तरी वजाबाकीत तो अर्धा सेकंद उडून जातो आणि तुमचा आकडा बरोबर येतो. उलट एक दिवस रेडिओ, दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी टीव्ही असं केलं तर तीन चांगले स्रोत मिळूनही आकडा वाया जातो. एक धरा आणि नोंदी संपेपर्यंत तोच ठेवा.

चावीचं घड्याळ असेल तर रोज ठरल्या वेळी चावी द्या आणि नोंदही त्याच वेळी, चावी देण्याआधी करा. रात्री ते आडवं ठेवता की उभं, यानेही दोन-चार सेकंद फिरतात.

१२. किती चूक चालते? आणि दुकानातल्या यंत्राने दिवसाला ४ दाखवले, घरी १२ येतात, असं का?

साधं सेलचं घड्याळ महिन्याला १५–२० सेकंद इकडेतिकडे होणारच. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राच्या चावीच्या घड्याळाला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते, आणि तीही पंधरा दिवस वेगवेगळ्या स्थितींत व तापमानांत तपासून. तुमचं जुनं घड्याळ दिवसाला २० च्या आत असेल तर त्याच्यावर चिडू नका.

दुकानातलं यंत्र घड्याळाची टिकटिक अर्धा-एक मिनिट ऐकतं, तेही एकाच स्थितीत आणि बहुधा भरपूर चावी दिलेली असताना. तुमच्या मनगटावर दिवसभर जे होतं ते त्यात नसतं. त्यामुळे ४ आणि १२ दोन्ही खरे असू शकतात. कारागिराला तुमची दहा दिवसांची वही दाखवा, त्याला त्याचा खरा उपयोग होतो.

सेलच्या घड्याळात आणखी एक खोच आहे. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो मुद्दाम किंचित जलद ठेवून, ठरावीक काळाने काही कंप गाळून हिशेब जुळवण्याची पद्धत आहे. हा काळ मिनिटाचा असेल आणि यंत्राने दहाच सेकंद ऐकलं, तर आकडा चुकीचा येणार.

आणि गोव्याचा उन्हाळा. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगात असतो. त्याहून गरम किंवा थंड झालं की मंदावतो. ३५ अंशांत दिवसाला ०.३ सेकंद, पण मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांत पडून राहिलं तर दिवसाच्या हिशेबाने साडेतीन. तपासणीच्या दहा दिवसांत घड्याळ हातातच असू द्या.

१३. लग्नाच्या मुहूर्ताला कुणाचं घड्याळ धरायचं? भटजींचं, वधूपित्याचं की हॉलमधलं?

हा प्रश्न दर लग्नसराईत येतो आणि मी तो हलका मानत नाही. पूर्वी घटिकापात्र असायचं, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडली की २४ मिनिटांत बुडायची, ती एक घटका. घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. फोन सेकंदभर चुकला तरी पळाचा चोविसावा हिस्साच होतो.

मोठी चूक होते ती ठिकाणाची. मुहूर्त कुठल्या गावच्या सूर्योदयावरून काढला आहे आणि पत्रिकेतली वेळ प्रमाणवेळ आहे ना, हे भटजींना आठ दिवस आधी विचारून घ्या. मग सकाळी एकच घड्याळ बरोबर लावून घ्या, भटजींच्या हाती द्या, आणि अंतरपाट धरल्यावर बाकीच्यांनी आपापली घड्याळं बघू नयेत.

१४. नवरा तारवटी, म्हणजे खलाशी, आहे. जहाजावर त्याचं घड्याळ सारखं बदलतं आणि सेकंद बिघडतात. उपाय?

जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीत, जीपीएसवरून यूटीसी मिळते, सेकंद तिच्यावर मिळवायला सांगा. तास मात्र जहाजाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतील. काही घड्याळांत फक्त तासकाटा एकेक तास उडवता येतो आणि सेकंद चालूच राहतात. भारतीयांची अडचण अर्ध्या तासाची. दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच तास. तिथे मिनिटकाटाही हलवावाच लागतो, आणि तो हलवायला चावी ओढली की सेकंद थांबतो. माझा सल्ला असा, घड्याळ घरून निघतानाच यूटीसीवर लावावं. मग कुठलाही पूर्ण तासाचा देश नुसत्या तासकाट्याने साधतो, मिनिट-सेकंदांना हात लागत नाही.

घरच्यांसाठी एक सोय. काट्यांचं घड्याळ उलटं धरलं, बारा खाली आणि सहा वर, तर भारतीय वेळेवरून यूटीसी वाचता येते. इथे तीन वाजले असतील तर उलट्या तबकडीवर साडेनऊ दिसतात. हिवाळ्यात लंडन आणि लिस्बनची वेळ तीच असते. उन्हाळ्यात तिथे घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून दिसेल त्यात एक तास मिळवायचा.

१५. लीप सेकंद आला तर काय करायचं?

पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं नियमित नसतं, म्हणून यूटीसीत अधूनमधून एक जादा सेकंद घालतात. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला घातला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर ६० वा सेकंद आला आणि मग साडेपाच झाले. हातातल्या घड्याळाला हे कळत नाही, ते त्या क्षणापासून एक सेकंद पुढे दिसू लागतं.

गूगलचे सर्व्हर हा सेकंद एकदम न घालता चोवीस तासांत पसरून देतात. अशा दिवशी त्यांच्यावर मिळवलेलं घड्याळ अर्ध्या सेकंदापर्यंत चुकू शकतं आणि एनपीएलशी ताडून पाहिलं तर जुळत नाही. म्हणून त्या दिवशी नोंदच करू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा आणि वहीत त्या ओळीपुढे '१ सेकंद जादा' असं लिहून पुढच्या हिशेबातून तो वजा करा. उशिरात उशिरा २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं आहे. तोवर असा सेकंद जाहीर झालाच, तर त्याची तारीख आणि आपल्याकडची वेळ मी इथे आधी लिहीन.